जुन्या बागांमधल्या चित्रांमागे काय काय असतं

लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानात दोन कलादालनं एकमेकांना लागून उभी आहेत. एक १८८२ सालचं, दुसरं २००८ सालचं. स्कॉटलंडमध्ये एडिंबराचं उद्यान १६७० साली सुरू झालं. तिथे बागेतल्या उंचवट्यावर अठराव्या शतकातलं एक दगडी घर आहे आणि त्यात कलाप्रदर्शनं भरतात. झाडं बघायला आलेली माणसं पावसाची सर आली की या इमारतींत शिरतात, फुलांची चित्रं बघून ‘काय सुरेख काढलंय’ म्हणतात आणि सर ओसरली की बाहेर पडतात. चित्रं सुरेख असतातच. पण त्यांतली बरीचशी सुरेख दिसावीत म्हणून काढलेलीच नव्हती. ती कामाची कागदपत्रं होती. ती कोणत्या कामाची आणि कोणी तयार केली, हे ठाऊक असेल तर अशा प्रदर्शनात माणूस पाच मिनिटांऐवजी दोन तास रमतो.

मुळात बागेला चित्रांची गरज का पडली, तिथून सुरू करू. युरोपातली जुनी वनस्पती उद्यानं औषधांसाठी लावली गेली. इटलीतल्या पादुआचं उद्यान १५४५ सालचं आहे आणि आजही मूळ जागीच आहे. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी औषधी वनस्पती डोळ्यांनी पाहाव्यात, एका मुळीच्या जागी दुसरी विषारी मुळी रोग्याच्या पोटात जाऊ नये, असा अगदी व्यवहारी हेतू. पण जिवंत झाड वर्षभर एकसारखं राहत नाही. फुलं दोन आठवडे टिकतात, थंडीत पानं झडतात, परदेशातून आणलेलं रोप एखाद्या वर्षी मरूनच जातं. मग सोळाव्या शतकात इटलीत लुका गिनी या अध्यापकाने वनस्पती दाबून, वाळवून कागदावर चिकटवून ठेवण्याची रीत रूढ केली. अशा कागदांच्या संग्रहाला हर्बेरियम म्हणतात. नीट जपला तर असा नमुना शेकडो वर्षं टिकतो. मात्र त्याचा रंग जातो, आणि ऑर्किडसारखं मांसल फूल चपटं, तपकिरी होऊन बसतं. पाकळी कशी वळली होती, आतला ठिपका जांभळा होता की लाल, हे त्यावरून कळत नाही. ही उणीव चित्राने भरून काढली. म्हणून बागेत एकच वनस्पती तीन रूपांत सांभाळली जाऊ लागली: वाफ्यात जिवंत, कपाटात वाळलेली आणि कागदावर रंगवलेली.

या चित्रांचं वजन किती, याचा अंदाज शास्त्रीय नावांच्या नियमांवरून येतो. प्रत्येक वनस्पतीचं शास्त्रीय नाव एका ठरावीक नमुन्याला बांधलेलं असतं. पुढे वाद झाला की अभ्यासक त्या नमुन्याकडे परत जातात. पण जुन्या काळातल्या काही नावांचा वाळलेला नमुना उरलेलाच नाही किंवा मुळात नव्हताच. तिथे चित्रच नमुना म्हणून धरलं जातं. कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान रेडे याने मलबारच्या वनस्पतींवर केलेला ‘हॉर्टुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमला छापला गेला. पुढे अठराव्या शतकात स्वीडनच्या लिनियसने वनस्पतींना दोन शब्दी नावं देताना भारतातल्या कित्येक झाडांसाठी याच ग्रंथातल्या चित्रांचा आधार घेतला. लिनियस भारतात कधी आलाच नाही. म्हणजे त्यातल्या काही झाडांपुरतं बोलायचं तर शास्त्राच्या दृष्टीने मूळ पुरावा आजही तो छापील कागदच आहे.

याच ग्रंथात आणखी एक गोष्ट आहे. त्यातलं वनस्पतींचं ज्ञान इट्टी अच्युदन या मलयाळी वैद्याकडून आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांकडून आलं, आणि तसं त्यांनी स्वतः लिहून दिलेलं पहिल्या खंडात छापलं आहे. कोकणी वैद्यांची साक्ष नागरी लिपीत आहे. सतराव्या शतकातल्या युरोपीय ग्रंथात माहिती देणाऱ्यांची नावं अशी राहिली, याचं मला फार मोल वाटतं. कारण पुढच्या दोनशे वर्षांत नेमकं उलट घडत गेलं.

कलकत्त्याजवळ शिबपूरला ईस्ट इंडिया कंपनीने १७८७ साली उद्यान सुरू केलं. १७९३ साली विल्यम रॉक्सबर्ग त्याचा प्रमुख झाला. त्याने भारतीय चित्रकार पदरी ठेवून अडीच हजारांहून जास्त वनस्पतींची चित्रं करवून घेतली. त्यांचा एक संच शिबपूरला राहिला, दुसरा इंग्लंडला गेला आणि आज क्यूमध्ये आहे. यातलं एखादं पान समोर आलं तर घाई करू नये. मधोमध एक फांदी असते, आणि तिच्यावर कधी कळी, उमललेलं फूल आणि पिकलेलं फळ एकाच वेळी दिसतं. झाडावर हे सगळं एका दिवशी सहसा भेटत नाही; चित्रकाराने वेगवेगळ्या वेळी पाहिलेलं एकत्र आणलेलं असतं. पान कागदाबाहेर जात असेल तर ते मध्येच दुमडून मागची बाजू दाखवलेली असते, म्हणजे शिरा आणि लव दोन्ही दिसतात. खाली फुलाचे चिरलेले भाग असतात: परागकोश वेगळा, बीजांडकोश आडवा कापलेला. किती कप्पे, किती बिया, हे मोजता यावं यासाठी. कोपऱ्यात क्रमांक आणि शाईने लिहिलेलं नाव.

आणि रंगवण्याची हातोटी पाहावी. भारतातल्या अनेक चित्रकारांचं शिक्षण लघुचित्रांच्या परंपरेतलं होतं. रेषा काटेकोर, पृष्ठभाग घोटलेला, रंग बऱ्याचदा अपारदर्शक, पानाची कड न कड स्पष्ट. इंग्रज साहेबाला हवी असायची पातळ जलरंगातली छाया-प्रकाशाची पद्धत. या दोन सवयींची ओढाताण त्या चित्रांत दिसते आणि मला तीच सर्वांत आवडते. कुठे पान युरोपीय धाटणीने गोलाई घेतं, तर शेजारचं पान एखाद्या नक्षीसारखं सपाट पसरतं. अशा चित्रांना बराच काळ ‘कंपनी शैली’ असं एकच ढोबळ नाव दिलं गेलं. नोकरी देणाऱ्याच्या नावावर शैली ओळखायची आणि काढणाऱ्याचं नाव कुठेच नाही, हे मला पटत नाही.

रॉक्सबर्गच्या बहुतेक चित्रकारांची नावं त्या पानांवर नोंदलेली नाहीत. त्याच्यानंतर काही वर्षांनी आलेल्या नॅथॅनियल वॉलिच याच्या ग्रंथात मात्र चित्रांखाली विष्णुप्रसाद आणि गोराचंद ही नावं छापलेली आढळतात. मद्रासकडे काम करणाऱ्या रॉबर्ट वाइट या डॉक्टरने रंगय्या आणि गोविंदू या आपल्या दोन चित्रकारांची नावं छापली, आणि ऑर्किडच्या एका प्रजातीला (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला) गोविंदूवरून ‘गोविंदूइया’ असं नाव दिलं. आजच्या वर्गीकरणात ते नाव मान्य नाही, ती वनस्पती दुसऱ्या नावाखाली गेली आहे. तरीही त्या काळातल्या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने भारतीय चित्रकाराला दिलेला हा मान फार दुर्मीळ आहे.

वाइटच्या संग्रहातली अनेक चित्रं एडिंबराच्या उद्यानात आहेत. तिथेच पुण्याजवळच्या दापोडीच्या बागेतली चित्रंही आहेत. मुंबई सरकारने ती बाग १८२८ साली सुरू केली, पुढे अलेक्झांडर गिब्सन तिचा प्रमुख होता, आणि १८४७ ते १८५० या काळात तिथल्या वनस्पतींची दीडशेहून जास्त चित्रं काढली गेली. चित्रकार पोर्तुगीज वंशाचा भारतीय होता एवढं कळतं. नाव राहिलेलं नाही. बागही राहिली नाही. कोणत्या वर्षी तिथे काय फुललं होतं याचा हिशेब आज हजारो मैलांवरच्या त्या पेट्यांत आहे. प्रदर्शनाच्या फलकावर ‘अज्ञात चित्रकार’ हे दोन शब्द दिसले की त्यांवरून नजर घसरू देऊ नये. ती एका माणसाची नोकरी होती, कित्येक महिन्यांची मेहनत होती.

अशा प्रदर्शनात पहिली तक्रार हमखास येते ती अंधाराची. बाहेर लख्ख ऊन आणि आत मिणमिणते दिवे. यामागे ठोस कारण आहे. प्रकाशाचं प्रमाण लक्स या एककात मोजतात. उन्हात एक लाख लक्सपर्यंत प्रकाश असतो, चांगल्या उजेडाच्या कचेरीत ३०० ते ५००. कागदावरच्या जलरंगांसाठी संग्रहालयं साधारण ५० लक्सची मर्यादा पाळतात. प्रकाशाने झालेली हानी भरून येत नाही आणि ती साचत जाते. आज तीन महिने, पुढच्या वर्षी तीन महिने, सगळं त्याच खात्यात जमा होतं. म्हणून जुनी चित्रं थोडे महिने मांडतात आणि मग दीर्घकाळ अंधाऱ्या कपाटात विश्रांतीला ठेवतात. तुम्ही ज्याच्याबद्दल वाचून गेलात ते चित्र भिंतीवर नसेल, त्याच्या जागी हुबेहूब छापील प्रत असेल, तर बहुधा मूळ चित्र विश्रांती घेत असतं. फलकावर तसं लिहिलेलं असतं.

उजेडाने काय होतं याची खूण कधीकधी चित्रातच सापडते. जुन्या चित्रकारांना हवा तसा हिरवा रंग तयार मिळत नसे. बऱ्याचदा तो निळा आणि पिवळा मिसळून करावा लागे. पिवळा वनस्पतीपासून काढलेला असेल तर तो आधी उडतो आणि निळा मागे राहतो. एखाद्या जुन्या फुलाच्या चित्रात पानं विचित्र निळसर दिसली तर चित्रकाराची नजर चुकली असं समजू नका. तो रंग कालांतराने तसा झालेला असू शकतो. तसंच पांढऱ्याचं. शिशापासून केलेला पांढरा हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे काळवंडतो, आणि पाकळीवरची चकाकी दाखवायला दिलेला ठिपका काळा डाग होऊन बसतो.

रंग नेमका पकडण्याची धडपड कोणत्या थराला जायची, याचं माझं आवडतं उदाहरण फर्डिनांड बाउअर या ऑस्ट्रियन चित्रकाराचं. १८०१ साली तो ऑस्ट्रेलियाच्या सफरीवर निघालेल्या इंग्रजी जहाजावर होता. जहाजावर सगळं रंगवत बसायला वेळ कुठून येणार? मग तो फक्त पेन्सिलीने रेखाटन करी आणि पानाच्या, पाकळीच्या प्रत्येक भागावर आकडे लिही. प्रत्येक आकडा म्हणजे एक ठरलेली छटा, आणि अशा छटा जवळजवळ हजार. परत आल्यावर आकडे वाचून तो चित्र रंगवी. आकड्यांनी भरलेलं असं रेखाटन आणि पूर्ण चित्र शेजारी शेजारी लावलेलं पाहायला मिळालं तर सोडू नये.

आता क्यूच्या १८८२ सालच्या दालनाकडे वळू, कारण ते या सगळ्या शिस्तीला अपवाद आहे. मेरियन नॉर्थ ही श्रीमंत घरातली इंग्रज बाई. वडील वारल्यावर चाळिशीत एकटी जगभर हिंडली: ब्राझील, जपान, बोर्निओ, भारत, ऑस्ट्रेलिया. ती तैलरंगात काढायची आणि झाड सुटं न काढता त्याच्या जागेवर काढायची, मागे डोंगर, नदी, कधी देऊळ. आपली चित्रं तिने क्यूला दिली, दालनाचा खर्च स्वतः केला, इमारतीचा आराखडा भारतीय वास्तुकलेचा अभ्यासक जेम्स फर्ग्युसन याच्याकडून करून घेतला, आणि चित्रं देशवार कशी लावायची हेही स्वतःच ठरवलं. आठशेहून जास्त चित्रं चौकटीला चौकट भिडवून लावली आहेत. खालच्या भागात भिंतीला २४६ प्रकारच्या लाकडाच्या फळ्या बसवल्या आहेत. तिला तिथे पाहुण्यांना चहा-कॉफी मिळावी असं वाटत होतं. उद्यानाच्या प्रमुखाने नकार दिला, तेव्हा तिने दारांवर चहाचं आणि कॉफीचं झाड रंगवून टाकलं.

शुद्ध शास्त्रीय चित्र काढणाऱ्यांना तिची चित्रं भडक वाटतात. मला तसं वाटत नाही. बोर्निओतल्या सारावाकमधला घटपर्णी या कीटकभक्षी वनस्पतीचा एक प्रकार तिने रंगवला, तेव्हा तो शास्त्राला ठाऊकच नव्हता. चित्र पाहून इंग्लंडमधल्या एका रोपवाटिकेने माणूस पाठवला, वनस्पती सापडली आणि तिला नॉर्थचं नाव मिळालं. इथे चित्र आधी आलं आणि नमुना मागाहून. पण त्याच दालनात एक गोष्ट डोळ्याआड करता येत नाही. एकट्या बाईला इतकं जग हिंडता आलं ते ठिकठिकाणी गव्हर्नरांचे बंगले आणि मळेवाल्यांचे पाहुणचार तयार होते म्हणून. तिची नजर स्वतंत्र होती, वाट मात्र साम्राज्याने आखलेली होती. दालन पाहताना मला या दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात.

इतिहासाची प्रदर्शनं या मुद्द्याशी येऊन भिडतात. एकोणिसाव्या शतकातली मोठी वनस्पती उद्यानं पिकं एका खंडातून दुसऱ्या खंडात हलवण्याची केंद्रं होती. १८७६ साली हेन्री विकहॅमने ब्राझीलमधून रबराच्या सुमारे सत्तर हजार बिया क्यूला आणल्या. त्यांतल्या तीन हजारही रुजल्या नाहीत, पण जी रोपं जगली ती श्रीलंकेला आणि पुढे सिंगापूरच्या उद्यानात गेली. त्यांतून आग्नेय आशियातले रबराचे मळे उभे राहिले आणि ब्राझीलचा रबरधंदा बसला. त्या मळ्यांवर राबायला तमिळनाडूतून मजुरांच्या पिढ्या गेल्या. काचेच्या पेटीत रबराचा एक वाळका तुकडा ठेवलेला असतो. त्याच्यामागे एवढं सगळं असतं.

सिंकोनाची कथा तर अधिक बोचरी आहे. हिवतापावरचं क्विनीन या झाडाच्या सालीतून निघतं आणि ते झाड अँडीज पर्वतातलं. चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्याने बोलिव्हियातून मिळवलेलं उत्तम प्रतीचं बी १८६५ साली डच सरकारला विकलं आणि जावा बेटावर त्याचे मळे झाले. त्या प्रकाराला नाव पडलं लेजरचं. बी प्रत्यक्ष गोळा करणारा माणूस होता मानुएल इंक्रा मामानी. कोणत्या झाडाची साल कडू आणि गुणकारी हे त्याला कळत होतं. पुढच्या एका फेरीत बोलिव्हियात त्याला पकडलं, मारहाण केली आणि त्यातच तो गेला. जगभरच्या हिवतापाच्या रोग्यांना ज्या बियांचा उपयोग झाला, त्यांच्या गोष्टीत त्याचं नाव आता कुठे फलकांवर आणि पुस्तकांत येऊ लागलं आहे.

असे फलक लावायला विरोधही होतो. क्यूने आपल्या संग्रहाचा वसाहतवादी इतिहास उघडपणे मांडायचं ठरवलं तेव्हा ब्रिटनमध्ये बराच वाद झाला: बागेने बागेचं काम करावं, राजकारण कशाला? मला हा आक्षेप पटत नाही. लंडनच्याच चेल्सी औषधी उद्यानाचं पाहा. हान्स स्लोन या डॉक्टरने १७२२ साली ती जागा वर्षाला पाच पौंड भाड्याने कायमची दिली म्हणून बाग टिकली. स्लोनच्या संपत्तीचा एक भाग त्याच्या बायकोला मिळालेल्या जमैकातल्या मळ्यांतून यायचा आणि तिथे गुलाम राबत होते. बाग कशी टिकली हे सांगायचं तर पैसा कुठून आला हेही सांगावं लागतं. अर्धीच हकिगत सांगण्याला मी इतिहास म्हणणार नाही.

याच चेल्सीच्या बागेशी एलिझाबेथ ब्लॅकवेलचं नाव जोडलेलं आहे. नवरा कर्जापायी तुरुंगात. तिने बागेत येऊन औषधी वनस्पतींची चित्रं काढली, तांब्याच्या पत्र्यावर स्वतः कोरली, छापलेली पानं स्वतः रंगवली. १७३७ ते १७३९ या काळात पाचशे पानं. एरवी या तीन कामांना तीन वेगळे कारागीर लागत. त्या पैशातून तिने नवऱ्याला सोडवलं.

राहिली समकालीन कला. बागेत मोठाली शिल्पं मांडायची पद्धत आता रुळली आहे. क्यूमध्ये २००७ साली हेन्री मूरची शिल्पं हिरवळीवर मांडली होती. अशा सगळ्याच मांडण्या बागेशी काही बोलतात असं नाही. काही निव्वळ गर्दी खेचण्यासाठी असतात, आणि तिकिटाच्या पैशावर बाग चालते तेव्हा तेही समजू शकतं. वुल्फगँग बट्रेसचं ‘द हाइव्ह’ मात्र खरोखर तिथलं वाटतं. सतरा मीटर उंचीची अ‍ॅल्युमिनियमची जाळी, २०१६ पासून क्यूच्या कुरणात उभी. क्यूमधल्याच एका पोळ्यात संवेदक बसवले आहेत. मधमाश्यांची लगबग वाढली की जाळीतले दिवे आणि आवाज बदलतात. एडिंबराच्या त्या दगडी घरातलं कलादालन २०१६ साली बंद करायचं जाहीर झालं, तेव्हा कलावंतांनी आणि शहरातल्या लोकांनी जोरदार विरोध केला, आणि पुढे तिथे पुन्हा प्रदर्शनं सुरू झाली.

कॅमेरा हाताशी असताना आज चित्र काढायचं कशाला, असं कोणीतरी हमखास विचारतं. फोटोत एकच रोप येतं, त्यावरच्या किडीच्या भोकासकट, त्या दिवशी त्या उजेडात दिसलं तसं. चित्रकार पाच-सहा नमुने पाहून त्या जातीला खास असलेलं तेवढंच ठेवतो, सूक्ष्म लव आणि अख्खी फांदी एकाच पानावर तितक्याच स्पष्टपणे दाखवतो. म्हणून नव्या जातीचं वर्णन प्रसिद्ध करताना आजही रेखाचित्र जोडण्याची पद्धत आहे. १७८७ साली सुरू झालेलं कर्टिसचं वनस्पती मासिक क्यू अजून चालवतं. त्याची चित्रं १९४८ पर्यंत प्रत्येक प्रतीत हाताने रंगवली जात होती. आता ती छापली जातात, पण काढतो अजूनही चित्रकारच, आणि त्याचं नाव चित्रासोबत दिलेलं असतं.